प्रभूनं सांगितलेली विहीर

कडूबा दुसऱ्या उन्हाळ्यातही विहीर खंदत होता, आणि ज्याच्या शब्दावर तो खंदत होता तो माणूस धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभा राहून आपल्याच जिभेला शिव्या देत होता. मनातल्या मनात, अर्थात. शालिग्राम मास्तर तोंडानं कधी वावगं बोलला नाही. बोलला असता तर एक वेळ परवडलं असतं. लोकांनी चार दिवस तोंडं वाकडी केली असती आणि विसरून गेले असते. पण हा गडी चांगलं बोलला, देवाचं नाव घेऊन बोलला, आणि तिथंच सगळं फसलं.

गाव धाड या बाजारगावाच्या अलीकडे, नदीच्या अंगाला. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. साहेब लोक बुलढाण्याच्या थंड हवेत बंगले बांधून राहत, आणि त्यांतलाच एक मिशनचा पाद्री साहेब खेड्यापाड्यांत उपदेशक नेमत असे. शालिग्राम त्याच्याच हाताखाली वाढलेला. मोठ्या दुष्काळात आईबाप रस्त्याच्या कडेला मेले आणि हे पोर मिशनच्या अनाथघरात गेलं. तिथं नाव बदलायला निघाले तर पोरानं रडून आकांत मांडला, म्हणून नाव तेच राहिलं; शालिग्राम म्हणजे काय हे साहेबाला कोणी सांगितलं नसावं. पुढं शिकला, लग्न झालं, बायको पहिल्या बाळंतपणात गेली, आणि तेव्हापासून एकटा जीव सदाशिव. गावाबाहेर एका झोपडीत राही, पोरांना अक्षरं शिकवी, रविवारी उपासना घेई. आवाज मात्र असा गोड, की बाजाराच्या दिवशी धाडला बोलायला उभा राहिला तर मिरच्या विकणाऱ्या बायाही तागडी हातात धरून ऐकत.

कडूबा त्या आवाजानं नाही ओढला गेला. तो माळी माणूस, पन्नाशीचा, उभा जन्म मोटेवर गेलेला. बोलण्याला भुलणाऱ्यांतला नव्हता. त्याचा तरणा पोरगा पटकीत गेला तेव्हा भावकी दारात यायला भ्याली. मास्तर एकटा आला, पोराचं अंग स्वतःच्या हातानं पुसलं, आणि कडूबाच्या शेजारी भिंतीला टेकून बसून राहिला. एक शब्द बोलला नाही. कडूबा पुढं सगळ्यांना सांगायचा की त्या दिवशी मास्तर बोलला असता तर मी त्याले हाकलून देलं असतं. वर्षाच्या आत कडूबानं बाप्तिस्मा घेतला, त्याच्या पाठोपाठ आणखी दोन घरांनी.

मग जे व्हायचं तेच झालं. जातीनं वाळीत टाकलं. भावांनी वाटणी मागितली, विहिरीकडचा काळा मळा आपल्याकडे ठेवला, आणि कडूबाच्या पदरात गावाबाहेरचं बरड टाकलं, जिथं तरोटासुद्धा उपकार केल्यासारखा उगवतो. प्यायचं पाणी नदीच्या झिऱ्यातून आणावं लागे. ते एक वेळ चाललं. पण ज्याच्या वाफ्यातली वांगी धाडच्या बाजारात सगळ्यांच्या आधी उठायची, त्या माणसानं पावसाच्या भरवशावर ज्वारी पेरून वर्षभर हात बांधून बसायचं म्हणजे जिवंतपणी मरण. कडूबाला विहीर पाहिजे होती. दुसरं काही त्यानं देवाकडं कधी मागितलं नाही.

आपल्याकडे विहीर खंदायची म्हणजे आधी पाणाड्या पाहिजे. गावात रंगराव होता. तो धरित्रीला हळद-कुंकू वाहायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि वावरात फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. कडूबानं त्याला निरोपही धाडला होता. मास्तरला हे कळलं आणि तो धावतच आला. असल्या गोष्टी आपण सोडल्या ना, कडूबा भाऊ, असं म्हणाला. नारळाला विचारायचं असेल तर बाप्तिस्मा कशाला घेतला, असंही म्हणाला. त्यात त्याचं चुकलं असं नाही. पण माणसाच्या हातातली काठी काढून घेतली तर त्याला धरायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. कडूबानं डोकं खाजवलं. त्याच्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. रंगरावची देवी रंगरावच्या नारळात येते. मास्तरचा देव तिच्याहून मोठा, हे मास्तरनंच सांगितलं. मग तो नुसत्या तोंडानं सांगेल की.

"मग मास्तर, तुमीच विचारा," कडूबा म्हणाला.

मास्तर सकाळी बरडावर गेला. तीन घरची माणसं धुऱ्यावर बसली. त्यानं गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि अगदी मनापासून मागितलं. ते तरी खोटं नव्हतं. ऊन चढलं, गुडघे पोळले, घामाच्या धारा लागल्या, आणि आतून काही म्हणता काही आलं नाही. डोळे उघडले तर समोर उताराला एक जुनं वारूळ आणि त्याच्याशेजारी हिरवं बोरीचं झुडूप. वारुळाखाली ओल असते हे शेंबडं पोरही सांगतं. त्याला वाटलं, इथं पाणी असावं. आता 'मला वाटतं' एवढंच म्हणायचं होतं. दोनच शब्द! पण धुऱ्यावरून माणसं बघत होती, झुंबरबाईनं, कडूबाच्या बायकोनं, पदर तोंडाशी धरला होता, आणि ज्या देवासाठी या लोकांनी भाऊबंद सोडले तो मुका आहे असं त्यांना वाटेल, याची मास्तरला भीती वाटली. लाजही वाटली. थोडा गर्वही होता, कशाला लपवा?

"प्रभूनं मला ही जागा दाखवली," असं तो म्हणाला.

बाप्पा! काय ते एक वाक्य! कडूबानं तिथल्या तिथं पहिला टिकाव मारला.

पहिल्या उन्हाळ्यात तिन्ही घरं राबली. वरचा मुरूम पटापट निघाला. दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, खोल गेल्यावर काळा खडक लागला. सुरुंग लावायची ऐपत नव्हती. पहारीनं एक एक कपचा काढायचा, टोपल्यात भरायचा, वरून दोरानं ओढायचा. मिरगाच्या आधी दोन घरांनी हात टेकले. जागा बदलून पाहू, असं त्यांतला एक जण हळूच म्हणाला, तर कडूबानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. प्रभूनं दाखवलेली जागा बदलायची? मास्तर तिथंच उभा होता.

पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं. कडूबा वेडा व्हायचाच राहिला होता. पाणी लागलं म्हणून तो गावभर सांगत सुटला, भावांच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेला, आणि रविवारी मास्तरला आभाराची प्रार्थना करायला लावली. मास्तरला माहीत होतं की हे आभाळाचं पाणी आहे, झऱ्याचं नाही. त्यानं प्रार्थना केली. दिवाळीला गुडघाभर उरलं, नाताळाला तळ उघडा पडला, आणि दोन घरांपैकी एक घर प्रायश्चित्त घेऊन जातीत परत गेलं. दुसरं बुलढाण्याला मिशनच्या कामावर गेलं. राहिले कडूबा आणि झुंबरबाई.

नाताळाला साहेब तंबू घेऊन आला. उपासनेत त्यानं कडूबाला उभं केलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत सगळ्यांना सांगितलं की विश्वास कसा असावा ते या माणसाकडं बघून शिका. मग कौतुकानं मास्तरकडं पाहिलं. खरं सांगायला त्याहून सोपी वेळ मिळाली नसती. मास्तर मान खाली घालून जमिनीकडं बघत राहिला, आणि साहेबाला ती नम्रता वाटली.

त्या हिवाळ्यात शालिग्रामला आपली आपल्याला शिसारी आली. देवाचं नाव फुकट घेऊ नये, हे तो पोरांना दर आठवड्याला शिकवायचा. त्याचा अर्थ तो आजवर असा सांगायचा, की भांडणात देवाची शपथ खाऊ नका, सौदा करताना देवाला साक्षी ठेवू नका. आता त्याला कळलं की बाजारातले शपथा खाणारे त्याच्यापुढं लेकरं आहेत. ते देवाला नुसतं साक्षीला बोलावतात. यानं देवाच्या तोंडात आपलं वाक्य घातलं होतं आणि खाली देवाची सही ठोकली होती. प्रार्थनेला बसला की त्याला वाटे, समोर बसलेला गप्प आहे आणि आपल्याकडं बघतो आहे. बाप म्हणून हाक मारायला तोंड उचलेना.

दुसरा उन्हाळा लागला आणि कडूबा पुन्हा खाली उतरला. आता चार पुरुष खोली झाली होती. झुंबरबाई एकटी वरून टोपली ओढायची. तिच्या तळहाताची सालपटं निघाली होती. पावसाच्या पाण्यानं वरचा मुरूम आतून सुटला होता. मावळतीकडच्या कडेला, खडकाच्या वर, एक भेग दिसायला लागली. आधी बोटाएवढी. मग त्यातून ढेकळं सुटून खाली पडायला लागली. एक कडूबाच्या खांद्याला लागलं, तर तो हसला आणि खंदत राहिला.

झुंबरबाई मास्तरच्या झोपडीत आली. ती कमी बोलणारी बाई. पोरगा गेल्यापासून तर तिला बोलताना कोणी फारसं ऐकलं नव्हतं. तिनं सांगितलं, की ती कड पडणार आहे, मी त्याले रोज म्हणते, तो मले म्हणतो तुले इश्वास नाही. आणि खरंच नाही, असंही ती म्हणाली. नवऱ्याच्या मागं तिनं बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलं होतं, एवढंच. तुमच्या देवानं ती जागा दाखवली का नाही ते तुमाले माहीत, पण माणूस माझा खाली हाय. एवढं बोलून ती गेली.

रविवार आला. झोपडीत चार-पाच माणसं होती. मास्तरनं गीत म्हटलं नाही, प्रार्थना केली नाही. उभा राहिला आणि सगळं सांगितलं. देव माझ्याशी काही बोलला नव्हता. मला वारूळ दिसलं, बोर दिसली, मला वाटलं पाणी असेल. माझं वाटणं मी त्याच्या नावावर खपवलं. मी खोटं बोललो, पाप केलं, कडूबा भाऊ, ती विहीर सोड. शब्द सगळे बाहेर आले. वर्षभरानंतर पहिल्यांदा त्याला श्वास घेतल्यासारखं वाटलं.

कडूबा शांतपणे ऐकत होता. रागावला नाही, रडला नाही. लेकरू काहीबाही बरळलं की मोठं माणूस बघतं तसं त्यानं मास्तरकडं पाहिलं.

"मास्तर, तवा तुमी देवाच्या नावानं बोलले होते," तो म्हणाला. "आज तुमी आपल्या नावानं बोलून राह्यले. मी कोनाचं ऐकू?"

याला काय उत्तर द्यायचं, सांगा! मास्तर पुन्हा पुन्हा समजावत राहिला आणि जितकं समजावलं तितकं ते कडूबाच्या मनात उलटं बसत गेलं. मास्तरचा विश्वास डळमळला, कडूबाला असं वाटलं. होतं माणसाचं असं, तो झुंबरबाईला म्हणाला, दोन उन्हाळे पाणी नाही लागलं म्हणून बिचाऱ्याचा धीर सुटला, आता आपणच त्याले सांभाळाले पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी तो रोजच्यापेक्षा लवकर खाली उतरला.

दुपारी झुंबरबाईची हाक आली. मास्तर धावत गेला. भेगेत आता हात जाईल एवढी फट होती आणि कड पुढं झुकली होती. खालून पहारीचे घाव येत होते. एकेका घावानिशी वरची माती भुरभुर सांडत होती. मास्तर दुसऱ्या बाजूला पालथा पडला आणि वाकून ओरडला की कडूबा भाऊ, वर ये, कड सुटली.

पहारीचा आवाज थांबला. खालून कडूबानं वर पाहिलं. घामानं आणि धुळीनं माखलेला चेहरा, त्यात नुसते डोळे दिसत होते.

"त्यानं सांगतलं का?" त्यानं विचारलं.

मास्तरला माहीत होतं की 'मी सांगतो' म्हटलं तर हा येणार नाही. कालच त्यानं सगळ्यांसमोर तोंड फोडून खरं सांगितलं होतं. त्यानं देवाला विचारलंही, त्या एवढ्याशा वेळात, अक्षरशः भीक मागितली, की आता तरी बोल, आता खरंच सांग, म्हणजे मला खरं बोलता येईल. आत काही नव्हतं. कडेवरून परातीएवढं ढेकूळ सुटलं आणि कडूबापासून हातभर अंतरावर फुटलं. झुंबरबाईचा हात मास्तरच्या पाठीवर येऊन पडला.

"हाव," मास्तर म्हणाला. "प्रभूनं सांगतलं. वर ये."

कडूबानं पहार खाली टाकली, दोर धरला आणि लगेच वर आला. एवढं सोपं होतं ते. वर येऊन त्यानं मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाला की बोलला ना शेवटी, मी म्हनतच होतो. तिघं बाभळीपाशी पोचतात न पोचतात तोच मागं धडाड आवाज झाला, जमीन हादरली आणि धुळीचा लोट उठला. मावळतीची सगळी कड खाली गेली होती. विहीर मातीनं अर्धी भरली.

अर्ध्या तासात गाव गोळा झालं. वाळीत टाकणारे आले, कडूबाचे भाऊ आले. रंगराव पाणाड्या आला, त्यानं खड्ड्याकडं पाहिलं, मग मास्तरकडं पाहिलं आणि हात जोडले. कडूबा प्रत्येकाला सांगत होता की कसं प्रभूनं ऐन वक्ताला मास्तरच्या तोंडून हाक मारली. मास्तर ओरडून सांगत होता की नाही, मी खोटं बोललो, मला कोणी काही सांगितलं नाही, भेग कोणालाही दिसत होती. लोक माना डोलावत होते. खरा साधू असंच म्हणतो, एक म्हातारा म्हणाला. कडूबाच्या थोरल्या भावानं वाकून मास्तरच्या पायाला हात लावला, आणि मास्तर चटका बसल्यासारखा मागं सरला.

आणि वाईटात वाईट गोष्ट ही, की त्या संध्याकाळी झोपडीत बसल्यावर त्याच्या मनात आलं, कोण जाणे, खरंच प्रभूनंच बोलवून घेतलं असेल माझ्याकडून. हा विचार फार गोड होता. त्यात सगळं पाप धुऊन निघत होतं. शालिग्राम बराच वेळ त्या विचाराजवळ बसला. मग त्याच्या लक्षात आलं की वारुळापाशीसुद्धा आपल्याला असंच गोड वाटलं होतं. देवानं काय केलं आणि काय नाही ते देवाला ठाऊक. मला माझ्यापुरतं ठाऊक आहे, की मी विचारलं आणि मला काही ऐकू आलं नाही. एवढंच माझ्या हातात आहे आणि एवढंच मी म्हणेन, असं त्यानं ठरवलं. देवाकडं तोंड करून हे तो मोठ्यानं बोलला. बाप म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही, पण हाक मारता आली.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी कडूबा बसलेला. अंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, आणि मांडीवर टिकाव.

प्रभूनं पहिली विहीर बुजवली म्हणजे त्याच्या मनात दुसरी जागा असेल, तो म्हणाला. ती विचारून सांगा. मास्तर म्हणाला, मला माहीत नाही. कडूबा म्हणाला, काही घाई नाही. मास्तरनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. कडूबानं ते पुन्हा मन लावून ऐकलं, आणि मास्तरचं बोलणं संपल्यावर म्हणाला, "तो सांगीन तवा उठीन मी."

बसला तो बसलाच. दिवस उजाडला की यायचा, अंधार पडला की जायचा. मृग निघाला, गावाची पेरणी सुरू झाली, वावरावावरांतून तिफणी चालू झाल्या. भावांनी आता बोलणं सुरू केलं होतं, बैलजोडीही देऊ केली. कडूबा उठला नाही. ज्वारी काय, पाणी लागल्यावर बागाईत करू, असं म्हणे. लांबलांबून लोक येऊ लागले. कोणाला हरवलेला बैल विचारायचा असे, कोणाला पोर होईल का ते. मास्तर सगळ्यांना हात जोडून तेच सांगे, की मला माहीत नाही, बसा, आपण मिळून मागू. लोक थोडा वेळ बसत आणि हिरमुसून जात. एकटा कडूबा मागं राही, मास्तरकडं बघून समजूतदारपणे हसे.

एक दिवस दुपारी झुंबरबाई आली. एकटीनंच अर्धं वावर पेरून आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. कडूबा भिंतीला टेकून पेंगत होता. तिनं भाकरीचं फडकं त्याच्याजवळ ठेवलं आणि मास्तरला बाजूला बोलावलं.

"एक डाव खोटं बोलून त्याले खड्ड्यातून काढलं तुमी," ती म्हणाली. "आता खरं बोला आन घरी पाठवा."

"खरंच बोलून राह्यलो, माय. रोज बोलतो. त्याले ते ऐकू येत नाही."

तिनं थोडा विचार केला. "मग अजून एक डाव खोटं बोला. म्हना, देव म्हनते वावरात जा, पेर."

वाक्य मास्तरच्या तोंडाशीच होतं. रोज सकाळी दार उघडताना ते तिथं असायचं. किती लहान वाक्य! आणि त्यानं कोणाचं काय बिघडणार होतं? पेरणी झाली असती, या बाईचे हात वाचले असते. मग पुढं निंदणी कधी करायची ते कडूबानं विचारलं असतं, मग काढणी, मग धाडच्या बाजारात जायचं का नाही. मरेपर्यंत तो माणूस शालिग्रामच्या तोंडाकडं बघून जगला असता आणि त्याला देव समजला असता.

"माय, मी देवाकडं मागू शकतो," मास्तर म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "त्याच्या वतीनं बोलू नाही शकत. आता नाही."

झुंबरबाईच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता.

"त्याच्यासाठी देवाचं नाव चाललं," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही चालत?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. आभाळ भरून आलं होतं आणि अर्धं वावर पेरायचं बाकी होतं, ती पदर खोचून एकटीच निघाली.